पेपर आधीच फुटलेली परीक्षा

समजा उद्या युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की यंदाचा पेपर दोन महिने आधीच सगळ्यांना वाटणार. प्रश्न तेच, फक्त कोणता आधी येईल ते सांगणार नाही. आपल्या होस्टेलमध्ये त्या रात्री काय होईल ते सांगायला नको! पण जगात अशी एक परीक्षा खरोखर आहे. तिचा पेपर उमेदवाराच्या हातात आधीच देतात, आणि तरीही ढीगभर उमेदवारांमधून एकच जण पास होतो. कधी कधी एकही नाही. ही परीक्षा म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या ट्रम्पेटवादकाची ऑडिशन.

पेपर माहीत असूनही लोक नापास का होतात, याचं एक उत्तर अर्थातच रियाज. पण रियाज ज्या कागदावरून करायचा तो कागद कुठून आणायचा, आणि आणलेला कागद बरोबर आहे हे कसं ओळखायचं, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. हा लेख त्या कागदाबद्दल आहे.

परीक्षा असते कशी?

ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले पंचवीस-तीस असतात, ट्रम्पेटवाले मात्र तीन किंवा चार. त्यामुळे जागा क्वचितच निघते. निघाली की ऑर्केस्ट्रा जाहिरात देतो आणि अर्ज करणाऱ्यांना एक यादी पाठवतो. यादीत बहुधा एक सोलो असतो, बरेचदा हायडनचा १७९६ सालचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो. त्यानंतर वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रा-रचनांमधले छोटे छोटे तुकडे. त्यांना इंग्रजीत एक्सर्प्ट म्हणतात. आपण शाळेतल्या मराठीच्या पेपराप्रमाणे 'उतारे' म्हणू. एकेक उतारा अर्ध्या मिनिटाचा, फार तर दीड-दोन मिनिटांचा.

अमेरिकेत पहिल्या फेरीला उमेदवार पडद्याआड वाजवतो. बोस्टन सिंफनीने १९५२ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती बहुतेक ठिकाणी पसरली. परीक्षकांना ना नाव दिसतं, ना चेहरा. म्हणजे आपल्या व्हायवाच्या अगदी उलट! इथे एक्स्टर्नलकडे बघून हसण्याचा काही उपयोग नाही. ऐकू येईल तेवढंच खरं.

नेहमीचे उतारे ठरलेले आहेत. मालरच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात: पूर्ण ऑर्केस्ट्रा गप्प आणि एकटा ट्रम्पेट. बीथोव्हनच्या 'लिओनोरा क्रमांक ३' या १८०६ सालच्या ओव्हर्चरमधली, स्टेजच्या मागून येणारी तुतारीसारखी हाक. मुसोर्गस्कीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन', जे मूळ १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिलं होतं आणि १९२२ मध्ये राव्हेलने ऑर्केस्ट्रासाठी बसवलं. त्याचा पहिला स्वरच ट्रम्पेटचा. स्ट्राविन्स्कीच्या 'पेट्रुश्का' बॅलेमधला बाहुलीचा नाच. रेस्पिगीच्या 'पाइन्स ऑफ रोम'मधला (१९२४) लांबून, हळू आवाजात येणारा सोलो. प्रत्येक उतारा काहीतरी वेगळं तपासतो: कुठे एकट्याने न घाबरता सुरू करणं, कुठे जिभेची चपळाई, कुठे हळू आवाजात वरचा स्वर धरून ठेवणं.

लोकल ऑथर आणि रेफरन्स बुक

ऑर्केस्ट्रात प्रत्येक वादकासमोर फक्त त्याचाच भाग लिहिलेला कागद असतो. त्याला पार्ट म्हणतात. सगळ्या वाद्यांचे भाग एकाखाली एक लिहिलेले असतात तो स्कोअर, आणि तो फक्त कंडक्टरसमोर असतो. तिसरा प्रकार म्हणजे उताऱ्यांचं पुस्तक. कोणीतरी जाणकाराने निरनिराळ्या पार्टमधून नेहमी विचारले जाणारे तुकडे कापून एका ठिकाणी छापलेले. जर्मनीच्या एडिशन पीटर्सचं 'ऑर्केस्टर प्रोबेश्पील' हे त्यातलं एक प्रसिद्ध पुस्तक. अमेरिकेत रॉब रॉय मॅकग्रेगर यांच्या पुस्तकांच्या मालिकेत तर उताऱ्याबरोबर त्याच्या तयारीचे धडेही दिलेले आहेत.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर उताऱ्यांचं पुस्तक म्हणजे लोकल ऑथर. पीएलमध्ये तेच उपयोगी पडतं, नेमकं जेवढं लागतं तेवढंच असतं, आणि त्याला नावं ठेवणारेही गुपचूप तेच वाचतात. पूर्ण पार्ट आणि स्कोअर म्हणजे रेफरन्स बुक. माझं म्हणणं एवढंच आहे की या परीक्षेत लोकल ऑथरवर पास होता येत नाही. का, ते एका उदाहरणावरून बघू.

मालरच्या पाचव्या सिंफनीच्या सुरुवातीला तीन झटपट स्वर आणि मग एक लांब स्वर, अशी आकृती पुन्हा पुन्हा येते. कागदावर ते तीन स्वर अगदी समान अंतराचे दिसतात. आपण इंजिनियरिंगवाले तर मेट्रोनोम लावून ते मोजून-मापून समान वाजवू. पण मालरने खाली एक टीप लिहिली आहे, की हे सुरुवातीचे तीन स्वर नेहमी थोडे घाईने, लष्करी बिगुल वाजतात तसे वाजवावेत. म्हणजे समान वाजवणं हेच चूक! आता उतारा कापताना किंवा सिनियरच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढताना पानाच्या तळाची ही टीप गळाली, तर पुढचे दोन महिने तुम्ही चुकीची गोष्ट पक्की करत बसाल. परीक्षक पडद्यापलीकडे पहिल्या दोन सेकंदांत ओळखतात.

दुसरं उदाहरण 'लिओनोरा'चं. उताऱ्यात फक्त ती हाक छापलेली असते. ती कशासाठी आहे हे कळायला मूळ ऑपेरा माहीत हवा. तुरुंगात खलनायक नायकाला मारणार, इतक्यात बुरुजावरून ट्रम्पेट वाजतो: मंत्री आले! सगळं नाट्य तिथे फिरतं. ओव्हर्चरमध्ये ही हाक दोनदा येते आणि मध्ये ऑर्केस्ट्रा अगदी हळू वाजवत असतो. स्कोअर बघितला की ही शांतता दिसते. नुसता उतारा बघितला की फक्त स्वर दिसतात, आणि वाजवणारा सर्कशीतल्यासारखं जोरात वाजवून मोकळा होतो.

यादी वाचणं

यादी हातात आली की आधी ती प्रॉब्लेम स्टेटमेंटसारखी वाचायची. प्रत्येक ओळीत चार गोष्टी शोधायच्या. रचना कोणती आणि कितवी मूव्हमेंट; कुठून कुठपर्यंत; पहिला ट्रम्पेट की दुसरा; आणि कोणती आवृत्ती.

'कुठून कुठपर्यंत' हे बहुधा रिहर्सल नंबरने सांगतात. तालमीत कंडक्टरला सगळ्यांना एका जागी आणता यावं म्हणून पार्टमध्ये चौकटीत आकडे किंवा अक्षरं छापलेली असतात, ते हे नंबर. गोची अशी की निरनिराळ्या छापील आवृत्त्यांत ते एकच असतील असं नाही.

'पेट्रुश्का' हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. स्ट्राविन्स्कीने ते १९११ मध्ये लिहिलं आणि १९४७ मध्ये लहान ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा लिहून काढलं. दोन्हींचे रिहर्सल नंबर वेगळे. एवढंच नाही, तर बाहुलीचा नाच १९११ मध्ये कॉर्नेट या ट्रम्पेटच्या चुलत भावासाठी आहे आणि १९४७ मध्ये ट्रम्पेटसाठी. यादीत साल लिहिलेलं असेल तर ते डेटाशीटच्या रिव्हिजन नंबरइतकं महत्त्वाचं समजा. लिहिलेलं नसेल तर ऑर्केस्ट्राच्या ऑफिसला सरळ विचारा. तसं विचारण्यात कमीपणा नाही, ऑफिस त्यासाठीच असतं.

फुकट आणि कायदेशीर

आता मुख्य प्रश्न: कागद मिळतो कुठे? पूर्वी उत्तर होतं 'मोठ्या शहरातल्या संगीत महाविद्यालयाच्या लायब्ररीत'. म्हणजे ज्याच्या शहरात ऑर्केस्ट्रा आहे त्यालाच. हे चित्र बदललं ते एका विद्यार्थ्यामुळे. एडवर्ड गुओ नावाच्या, संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने फेब्रुवारी २००६ मध्ये कॉपीराइट संपलेल्या रचनांचे स्कॅन जमा करणारं ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. लोक त्याला आयएमएसएलपी म्हणतात. दुसरं नाव पेत्रुच्ची लायब्ररी, कारण ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये खिळे जुळवून अनेक आवाजांच्या संगीताचं पहिलं पुस्तक छापलं होतं.

पण ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशकांनी नोटीस पाठवली आणि ग्रंथालय बंद पडलं. भांडण समजण्यासारखं होतं. सर्व्हर कॅनडात होते आणि तिथे तेव्हा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी हक्क संपत. युरोपात मात्र ७० वर्षांनी. म्हणजे कॅनडात मोफत ठरलेला कागद व्हिएन्नात बसून डाउनलोड केला की हक्काचा भंग. एकटा विद्यार्थी कोर्टकचेरी कशी करणार? पण लोक मदतीला आले, कायद्याची बाजू नीट मांडली गेली, आणि ३० जून २००८ ला ते पुन्हा सुरू झालं. आज तिथे बीथोव्हन, ब्राह्म्स, चायकोव्हस्की यांचे स्कोअरच नाहीत तर ट्रम्पेटचे सुटे पार्टही मिळतात. शोधताना स्कोअरच्या यादीवर थांबू नका, खाली पार्ट्सचा वेगळा विभाग असतो तिथे बघा.

एक लक्षात ठेवायचं. 'वेबवर आहे म्हणजे फुकट आहे' हा होस्टेलचा कायदा, देशाचा नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९२ च्या दुरुस्तीनंतर मुदत आहे मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. रेस्पिगी १९३६ मध्ये गेले, राव्हेल १९३७ मध्ये, म्हणजे इथे दोघांचाही प्रश्न मिटलेला. स्ट्राविन्स्की १९७१ मध्ये गेले. ६० वर्षांच्या हिशेबाने ते २०३१ अखेरपर्यंत जातात, युरोपात २०४१ अखेरपर्यंत, आणि कॅनडात मात्र जानेवारी २०२२ मध्येच मोकळे झाले. (कॅनडाने ३० डिसेंबर २०२२ पासून मुदत ७० वर्षं केली, पण आधी मोकळे झालेले पुन्हा बांधले नाहीत.) अमेरिकेत जुन्या रचनांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. त्यामुळे तिथे १९११ चा 'पेट्रुश्का' मोकळा आहे आणि १९४७ चा नाही. एकच माणूस, एकच बाहुली, आणि इतकी उत्तरं! म्हणून त्या ग्रंथालयात प्रत्येक फाइलखाली हक्कांबद्दल जी ओळ असते ती वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

हक्क शाबूत असलेल्या रचनांचं काय? बऱ्याच वेळा त्यांचे पार्ट प्रकाशक विकतच नाहीत, ऑर्केस्ट्राला फक्त भाड्याने देतात. अशा वेळी तीन सरळ रस्ते आहेत. एक, उताऱ्यांचं अधिकृत पुस्तक विकत घेणं, कारण त्यात परवानगी काढून तेवढा भाग छापलेला असतो. दोन, संगीत महाविद्यालयाची लायब्ररी. तीन, खुद्द ऑर्केस्ट्रा. अनेक ऑर्केस्ट्रा उमेदवारांना असे उतारे स्वतःच पाठवतात.

आणखी एक खजिना. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, ज्याचे आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९७८ ते १९९१ संगीत दिग्दर्शक होते, त्या ऑर्केस्ट्राने २०११ पासून आपलं जुनं दफ्तर ऑनलाइन खुलं करायला सुरुवात केली. त्यात लिओनर्ड बर्नस्टाइनच्या खुणा केलेले स्कोअर आहेत आणि वादकांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेले पार्टही. श्वास कुठे घ्यायचा, कुठे कंडक्टरकडे बघायचं, हे सगळं त्यात दिसतं. टॉपर सिनियरची स्वतःच्या हाताने लिहिलेली जर्नल मिळावी, तसंच!

कागद बरोबर, पण वाचायचा कसा?

समजा पार्ट मिळाला. उघडून बघता तर वर लिहिलंय 'ट्रम्पेट इन एफ'. तुमच्या हातात आहे बी फ्लॅटचा ट्रम्पेट. आता?

याचं मूळ इतिहासात आहे. बीथोव्हनच्या काळी ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नव्हते. नळी म्हणजे एकच लांबी, त्यामुळे एका मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले स्वरच वाजत. दुसरी पट्टी हवी तर नळीचा वेगळा तुकडा जोडायचा. संगीतकार पट्टीचं नाव वर लिहून टाकत आणि वादक तुकडा बदलत असे. १८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. मधला व्हॉल्व्ह दाबला की स्वर एका सेमिटोनने उतरतो, पहिला दोन, तिसरा तीन. तुकडे बदलण्याची गरज संपली, पण लिहिण्याची सवय मात्र राहिली.

पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, बी फ्लॅट ट्रम्पेटवर कागदावरचा 'सी' वाजवला की ऐकू येते काळी पाच. एफ ट्रम्पेटच्या पार्टमधला 'सी' म्हणजे ऐकू यायला हवी पांढरी चार. मधलं अंतर वादकाने वाचता वाचता मनात भरून काढायचं. याला ट्रान्सपोझिशन म्हणतात. त्याचं सोपं सूत्र असं: प्रत्येक पट्टीला एक आकडा द्या. ए वजा ३, बी फ्लॅट वजा २, सी शून्य, डी २, ई फ्लॅट ३, ई ४, एफ ५. पार्टच्या आकड्यातून हातातल्या वाद्याचा आकडा वजा करा. येतील तितके सेमिटोन वर वाजवायचं; उत्तर वजा आलं तर खाली. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीत ट्रम्पेट एफमध्ये आहेत. ५ वजा (वजा २) म्हणजे ७, म्हणजेच सा वरून पंचम. सी ट्रम्पेट असेल तर ५ वजा ० म्हणजे ५, सा वरून मध्यम. ई चा पार्ट बी फ्लॅटवर वाजवायचा तर उत्तर येतं ६, म्हणजे तीव्र मध्यम, आणि ते कुणालाच आवडत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला भाषेचा. जर्मन पार्टवर नुसतं 'बी' लिहिलं असेल तर तो बी फ्लॅट असतो. ज्याला आपण बी म्हणतो त्याला जर्मन 'एच' म्हणतात. फ्रेंच पार्टवर 'उत' म्हणजे सी, आणि इटालियनवर 'फा' म्हणजे एफ. दुसरा खड्डा सोयीचा. कॉम्प्युटरवर पार्ट आपल्या पट्टीत टाइप करून घ्यायचा मोह होतो. एकदा समजून घ्यायला ठीक आहे, पण सराव मूळ पानावरूनच करावा. नोकरी लागल्यावर स्टँडवर मूळ पानच येणार आहे.

इथे बसून हे जमतं का?

आता कोणी म्हणेल, हे बोस्टन-व्हिएन्नाचं पुराण आपल्याला कशाला? तर मुंबईतही ही गरज आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. २००६ मध्ये एनसीपीएत खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. त्यात आजही बाहेरच्या देशांतून येणारे वादक बरेच असतात. वाऱ्यावर वाजणारी वाद्यं शिकवणारे आपल्याकडे कमी, हे त्याचं एक कारण.

आणि कागद वाचता येणं म्हणजे पोटापाण्याची सोय, हे आपल्याकडे गोव्याच्या लोकांनी कधीच सिद्ध केलंय. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्टाफ नोटेशन शिकवत. त्या शाळांतली मुलं मोठी होऊन मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा त्यांनी चालवले. चाल संगीतकाराची, पण पन्नास वादकांचे पार्ट लिहून काढणारे हात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांचे. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपल्या बँडसह चक्क पडद्यावरही दिसतात.

छापील पुस्तकं हवी असतील तर मुंबईत धोबी तलावचं फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं दुकान आहे. नसलेलं पुस्तक मागवून मिळेल का तेही विचारता येतं. बाकी इंटरनेट तर होस्टेलला आहेच. जो पार्ट मिळवायला पूर्वी जहाजाने पार्सल यायची वाट बघावी लागे, तो आता मेसची घंटा व्हायच्या आत उतरतो.

फाइल कशी लावायची

शेवटी सबमिशनच्या भाषेत. प्रत्येक उताऱ्यासाठी एक प्लास्टिक फोल्डर. त्यात सगळ्यात वर मूळ पार्टचं अख्खं पान, उताऱ्याचा कापलेला तुकडा नव्हे. उतारा कुठून कुठपर्यंत ते पेन्सिलीने चौकटीत करा. मागे स्कोअरची तीच पानं, म्हणजे आपण वाजवताना कोण काय करतंय ते दिसेल. त्यामागे एका कागदावर रचनेचं साल, आवृत्ती, पार्टची पट्टी, आपल्या सूत्राने आलेला आकडा, आणि परक्या भाषेतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ. मग दोन-तीन वेगवेगळ्या कंडक्टरांची रेकॉर्डिंग लावून, पान समोर धरून, वाद्य न उचलता ऐका. उताऱ्याच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक मिनिट धरून ऐका. पडद्याआड ते आधीचं मिनिट कोणी वाजवणार नाही, ते तुमच्या डोक्यातच वाजत असायला हवं.

छापील पार्ट आणि स्कोअर यांत कुठे फरक दिसला तर गोल करून ठेवा. जुन्या छपाईत चुका असतात, आणि मालरने तर पाचव्या सिंफनीत १९०४ च्या पहिल्या छपाईनंतर १९११ मध्ये जाईपर्यंत बदल चालूच ठेवले होते. असा गोल दिसला की शिक्षकांना किंवा ऑर्केस्ट्राच्या ऑफिसला विचारायचं आणि उत्तर त्याच पानावर लिहायचं.

ही सगळी फाइल लावायला चांगला आठवडा जातो. तेवढा जाऊ द्या. यादी आल्यावर पहिल्या दिवशी ट्रम्पेट पेटीतच राहिला तरी चालेल, पेन्सिल मात्र टोक काढून तयार हवी. शिवाय तेवढा एक आठवडा शेजारच्या खोल्यांनाही शांत झोप मिळेल!